चार तोंडांचं इंजिन

माझ्या एका मित्राची सोळाशे सीसीची जुनी सेडान जवळजवळ दीड वर्ष गॅरेजात पडून होती. ती बाहेर आली तेव्हा बॉनेटखाली चार चकचकीत ट्रम्पेट ओळीनं उभे होते. पहिली रेस दिली आणि गल्लीतली पोरं कुंपणाला येऊन चिकटली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. सिग्नलला लागोपाठ तीन-चारदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं होतं, आणि ब्रेकवर पाय ठेवताच इंजिनही अडखळतं. तक्रारी दोन, पण मूळ एकच होतं. त्याच्याकडे पुढे येतोच. आधी मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न निकालात काढू: आयटीबी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी, बसवल्यावर पॉवर किती वाढते?

कंपनीनं दिलेला कॅम, कंपनीचंच कॉम्प्रेशन आणि कंपनीचाच एक्झॉस्ट असलेल्या इंजिनावर जवळजवळ काहीच नाही. डायनोच्या कागदावर दिसेल न दिसेल इतका फरक पडतो, आणि तोही वरच्या आरपीएमला. आयटीबी हा पॉवरचा पार्ट नाही. पॉवरसाठी इंजिनात बाकी जे केलंत, त्यानंतरही ते माणसात राहावं म्हणून बसवायचा हा पार्ट आहे. इतकं पटलं तर पुढचा खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, ते आपोआप कळत जातं.

नेहमीच्या गाडीत एकच बटरफ्लाय असते. तिच्यामागे प्लेनम नावाची डबी आणि डबीतून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारे रनर. सोळाशेच्या इंजिनात हा सगळा पोकळ भाग तीन लिटरच्या आसपास धरा. पाय कमी असतो तेव्हा त्यात निर्वात असतो. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता तेव्हा आधी ही तीन लिटरची डबी भरते, मग सिलिंडर भरतात. २००० आरपीएमला सोळाशेचं इंजिन साठ मिलिसेकंदांत दोन फेऱ्या घेतं आणि तेवढ्यात फार तर १.६ लिटर हवा गिळतं. म्हणजे डबी भरेपर्यंत एक-दोन चक्रं गेली. आयटीबीमध्ये बटरफ्लाय वॉल्व्हपासून वीतभरही लांब नसते. चाळीस मिलिमीटर व्यासाची, बारा सेंटिमीटर लांबीची नळी घेतली तर आतली जागा दीडशे सीसी होते, आणि सिलिंडर स्वतः चारशे सीसीचा. पाय पडला की पुढचाच सक्शन स्ट्रोक भरलेला. लोक ज्याला ‘पायाला चिकटलेलं इंजिन’ म्हणतात ते हेच.

दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण माझ्या मते खरा फायदा तोच. मोठ्या कॅममध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. आयडलिंगला जळालेला वायू उलटा इनलेटमध्ये शिरतो. प्लेनम सामाईक असेल तर एका सिलिंडरची ही घाण शेजारच्याच्या ताटात जाते, इंजिन मिसिंग करतं, खोकतं, बंद पडतं. प्रत्येकाची बटरफ्लाय वेगळी असली की ज्याचं त्याच्यापाशी राहतं. म्हणून २७०-२८० अंशांच्या पुढचा कॅम घातलेलं, एरवी हजार-बाराशेच्या खाली टिकणार नाही असं इंजिन आयटीबीवर बऱ्यापैकी शांत उभं राहतं. कॅम बदलायचाच नसेल तर हा फायदा तुमच्या कामाचा नाही.

कल्पना जुनीच आहे. दोन वेबर डीसीओई कार्ब्युरेटर लावले की चार सिलिंडरना चार नरड्या मिळायच्या. आजही बाजारातल्या बऱ्याच आयटीबी त्याच डीसीओईच्या फ्लँजच्या मापात येतात. मोटरसायकलवाल्यांना यात नवल वाटणार नाही. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० ला दोन सिलिंडरना दोन थ्रॉटल असतात आणि चार सिलिंडरच्या सुपरबाइकला चार. गाड्यांच्या कंपन्यांत बीएमडब्ल्यूच्या एम विभागानं हा धागा सगळ्यात लांब ओढला. १९७८ च्या एम १ पासून सहा थ्रॉटल, पहिल्या एम ३ ला चार, ई ४६ एम ३ च्या ३.२ लिटरच्या इंजिनाला सहा आणि ७९०० आरपीएमला ३४३ पीएस, आणि ई ६० एम ५ च्या व्ही १० ला दहा. मॅक्लारेन एफ १ साठी बीएमडब्ल्यूनंच बनवलेल्या व्ही १२ ला बारा. टोयोटानं तर सोळाशे सीसीच्या साध्या ४ ए-जीई इंजिनाची वीस वॉल्व्हची आवृत्ती १९९१ मध्ये चार थ्रॉटलसकट रस्त्यावर आणली: १६० पीएस, थ्रॉटल ४३ मिलिमीटर, पुढच्या काळ्या झाकणाच्या आवृत्तीत ४५.

ही मापं लक्षात ठेवा, कारण पहिली चूक मापातच होते.

माप, लांबी आणि मॅनिफोल्ड

४५ मिलिमीटरच्या चार बटरफ्लाय म्हणजे मिळून किती मोठं तोंड? सहा हजार तीनशे चौरस मिलिमीटर. त्याच इंजिनावरच्या ६० मिलिमीटरच्या एकुलत्या थ्रॉटलचं तोंड भरतं अठ्ठावीसशे. म्हणजे सव्वादोन पट. कमी आरपीएमला इंजिनाची भूकच इतकी थोडी असते की पेडल पाव दाबलं तरी त्याचं पोट भरतं. उरलेल्या पाऊण पेडलला काही होत नाही. गाडी मग ‘चालू-बंद’ बटणासारखी चालते. ट्रॅफिकमध्ये धक्के, आणि पावसात पहिल्या गिअरमध्ये घसरण. म्हणून सोळाशेवर ४५ च्या वर जाऊ नका, आणि पेडल आणि शाफ्ट यांच्यामध्ये साधी गोल पुली न ठेवता सुरुवातीला हळू उघडणारा अंडाकृती कॅम बसवा. किटबरोबर तो आला नसेल तर लेथवर करून घ्या.

ट्रम्पेटची लांबी दिसायला छान वाटेल म्हणून ठरवायची नसते. वॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून बाहेर जाते, ट्रम्पेटच्या तोंडावर आपटून उलटी फिरते, आणि वॉल्व्ह मिटायच्या आत परत पोहोचली तर जास्तीची हवा आत ढकलते. वॉल्व्हपासून ट्रम्पेटच्या ओठापर्यंत ३५० मिलिमीटर असतील तर जाऊन-येऊन ७०० झाले. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. म्हणजे दोन मिलिसेकंद. ७००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ८४ अंश फिरतो, ३५०० ला फक्त ४२. लाट कुठल्या आरपीएमला वेळेवर पोहोचेल हे लांबीवर ठरतं. नळी आखूड केली की फायदा वर सरकतो, लांब केली की खाली येतो. रस्त्यावर किंवा घाटातल्या शर्यतीत चालणाऱ्या गाडीला आखूड ट्रम्पेट बसवून आठ हजारांवरचा टॉर्क मिळवण्यात काहीच अर्थ नाही. बॉनेट बंद होत नाही म्हणून ट्रम्पेट कापणारे मी पाहिले आहेत. त्यापेक्षा नळीला वळण द्या.

हेड आणि थ्रॉटल यांच्यामधला मॅनिफोल्ड तयार मिळाला नाही तर तो बनवून घ्यावा लागतो. कोल्हापूरला शिरोलीत किंवा पुण्यात भोसरीत फ्लँज मशिन करून देणारी माणसं सहज मिळतात. त्यांना नेमकं काय सांगायचं ते मात्र तुम्हाला माहीत हवं. पोर्टपेक्षा थ्रॉटल मोठा असेल तर नळी हळूहळू निमुळती व्हायला हवी, मध्ये पायरी नको. वेल्डिंगनंतर फ्लँज वाकतो, म्हणून शेवटचं फेसिंग वेल्डिंगच्या नंतर. आणि चारही नळ्यांवर, बटरफ्लायच्या खाली, एकाच मापाची एकेक छोटी निप्पल आत्ताच बसवून घ्या. नंतर भोक पाडायला गेलात तर अ‍ॅल्युमिनियमचा कीस आत जाईल.

स्वस्तातला मार्ग म्हणजे भंगारातल्या सुपरबाइकच्या थ्रॉटल बॉडी. मार्ग चांगला आहे, पण बाइकच्या सिलिंडरांमधलं अंतर कारपेक्षा कमी असतं. त्यामुळे बॉडी सुट्या करून लिंकेज नव्यानं जुळवावं लागतं. काही बाइकमध्ये मुख्य बटरफ्लायवर मोटरनं चालणारी दुसरी बटरफ्लाय असते. ती काढा आणि तिच्या शाफ्टची भोकं बुजवा. इंजेक्टरचा प्रवाहही तपासा. अडीचशे सीसीच्या सिलिंडरसाठीचा इंजेक्टर चारशेच्या सिलिंडरला पुरेलच असं नाही.

इथे इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी एक आडवळण. फॉर्म्युला स्टुडंटच्या पेट्रोल गाडीत सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच रिस्ट्रिक्टरमधून जावी लागते आणि टर्बो नसेल तर थ्रॉटल त्या रिस्ट्रिक्टरच्या आधी हवा. म्हणजे सुपरबाइकचं इंजिन आणलं की त्याचे चार थ्रॉटल काढून ठेवावेच लागतात. दर वर्षी कुणीतरी हे नियमपुस्तक उशिरा वाचतं.

इंजिनावर लोड किती, हे ईसीयूला कसं कळणार

बहुतेक आयटीबी इथेच फसतात, म्हणून थोडं थांबू.

बहुतेक आधुनिक ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतात. ते काम मॅप सेन्सरचं. एका थ्रॉटलच्या गाडीत सावकाश चालताना हा दाब चाळीस किलोपास्कलच्या आसपास असतो आणि पाय वाढवाल तसा शंभराकडे सरकतो. प्रत्येक पायरी वेगळी ओळखू येते. आयटीबीत २००० आरपीएमला पेडल पंधरा-वीस टक्के झालं की दाब नव्वदीपार जातो. तिथून पूर्ण पेडलपर्यंत ईसीयूला दिसतो तो जेमतेम काही किलोपास्कलचा फरक, तोही थरथरता, कारण प्रत्येक नळीत सक्शनचे वेगवेगळे धक्के असतात. अशा आकड्यावर पेट्रोल ठरवणं म्हणजे गर्दीतल्या गोंगाटावरून माणसं मोजणं.

टर्बो नसलेल्या इंजिनासाठी उपाय म्हणजे अल्फा-एन. थ्रॉटल किती उघडा आणि आरपीएम किती, या दोनच गोष्टींवर पेट्रोलचा तक्ता मांडायचा. थ्रॉटल पोझिशन सेन्सर नवा आणि चांगला घ्या. ढिला सेन्सर म्हणजे ढिली गाडी. तक्त्यातले रकाने समान अंतरावर ठेवू नका. शून्य, एक, दोन, तीन, पाच, सात, दहा, पंधरा, वीस, तीस, पन्नास, शंभर असे खाली दाट आणि वर विरळ घ्या, कारण सगळी गंमत पहिल्या वीस टक्क्यांत घडते. आयडलिंगला बटरफ्लाय केसभर हलली तरी मिश्रण बदलतं, हे ट्यूनरला दाखवून द्या.

अल्फा-एनला उंची कळत नाही. मुंबईत ट्यून केलेली गाडी महाबळेश्वरला नेली, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर वर, की हवेचा दाब सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरतो. थ्रॉटल तेवढाच, आरपीएम तेवढेच, म्हणून ईसीयू पेट्रोलही तेवढंच ओतत राहतो. गाडी काळा धूर काढते आणि प्लग भिजतात. म्हणून बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर लावा. मॅप सेन्सर तसाही मोकळा झालेला असतो. तोच बाहेरच्या हवेत सोडला तरी चालतं.

टर्बोवर मात्र निव्वळ अल्फा-एन वापरू नका, आणि हे मी सल्ला म्हणून नाही, इशारा म्हणून लिहितोय. चाळीस टक्के थ्रॉटल आणि ४००० आरपीएमला बूस्ट कधी ०.३ बार असतो, कधी पूर्ण एक बार. टर्बाइन त्या क्षणी किती फिरते आहे त्यावर. थ्रॉटल आणि आरपीएम दोन्ही वेळा सारखेच, हवा मात्र दीडपट. तक्त्यानं बेतलेलं पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनची कड वितळते. मला सगळ्यात पटलेला मार्ग असा: मूळ तक्ता थ्रॉटल आणि आरपीएमचा, आणि त्याला गुणायचा थ्रॉटलच्या आधीच्या, म्हणजे प्रेशर चेंबरमधल्या दाबानं. तिथला दाब स्थिर असतो, सक्शनचे धक्के तिथे कमी पोहोचतात, आणि उंचीचा हिशेबही आपोआप होतो. बरेच ईसीयू दोन दाबांचं मिश्रण करायची सोय देतात. विकत घेण्याआधी ती आहे का ते विचारा. निस्साननं स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी २६ या टर्बो इंजिनात हा गुंताच टाळला. टर्बोंच्या आधी दोन एअर-फ्लो मीटर बसवले आणि येणारी हवाच मोजली.

आता ब्रेककडे.

मित्राच्या मिस्त्रीनं ब्रेक बूस्टरची नळी चौथ्या सिलिंडरच्या निप्पलला जोडली होती. ब्रेक बूस्टर इंजिनातल्या निर्वातावर चालतो. एका नळीत दीडशे सीसीची जागा, तीही मधूनमधूनच निर्वात. बूस्टर सावकाश रिकामा होतो आणि लागोपाठच्या दाबण्यांना पुरत नाही. शिवाय प्रत्येक दाबण्याला बूस्टरमधली हवा फक्त चौथ्या सिलिंडरमध्ये जाते, त्याचं मिश्रण पातळ होतं, इंजिन अडखळतं. दोन्ही तक्रारी तिथेच होत्या. उपाय: चारही निप्पलपासून सारख्या लांबीच्या नळ्या एका सामाईक पाइपात आणा, तिथून वन-वे वॉल्व्ह, मग एक-दोन लिटरची निर्वाताची टाकी, मग बूस्टर. या नळ्या बारीकच असू द्या, तीन-चार मिलिमीटर. जाड ठेवल्यात तर सिलिंडर परत एकमेकांची हवा ओढायला लागतात आणि मोठ्या कॅमचा मिळालेला शांतपणा जातो. कॅम फारच मोठा असेल तर विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप घाला. टर्बोच्या गाडीत वन-वे वॉल्व्ह नसेल तर बूस्टचा दाब उलटा ब्रेक बूस्टरमध्ये शिरेल. चाचणी सोपी आहे. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि ब्रेक दाबत राहा. निदान दोनदा तरी पेडल मऊ जायला हवं. जात नसेल तर गाडी गेटच्या बाहेर काढू नका.

त्याच सामाईक पाइपावरून फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची आणि आयडल वॉल्व्हची सोय होते. आयडल वॉल्व्हची हवा चारही नळ्यांना सारखी वाटली जायला हवी. क्रँककेसचा श्वास मात्र ट्रम्पेटमध्ये सोडू नका. तेलाच्या वाफेनं बटरफ्लाय चिकट होतात. कॅच कॅन लावा.

सिंक

चार थ्रॉटल एकाच वेळी, एकाच मापानं उघडायला हवेत. कार्ब्युरेटरच्या काळातले जुने मिस्त्री यात आजही आपल्यापेक्षा हुशार आहेत. ट्रम्पेटला रबरी नळी लावून दुसरं टोक कानाला धरतात आणि सुस्कारा कमी-जास्त ऐकून स्क्रू फिरवतात. तुम्ही सिंक्रोमीटर घ्या. इंजिन पूर्ण तापवा, आयडल कंट्रोल बंद ठेवा, इग्निशन टायमिंग एका आकड्यावर स्थिर करा. नाही तर ईसीयू तुमची चूक झाकत राहील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. आधी कुठे हवा ओढली जातेय का ते बघा: गॅस्केट, शाफ्टची टोकं, इंजेक्टरच्या ओरिंग. मग लिंकेजचे जोड ढिले करून सगळ्या बटरफ्लाय आपापल्या ठिकाणी पूर्ण मिटतात का ते पाहा आणि तिथून पुढे जुळवायला लागा. सोळाशेच्या इंजिनात आयडलिंगला दर नळीतून ताशी चार-पाच किलो हवा जाते. चौघांत अर्ध्या किलोच्या आतबाहेर फरक राहिला तर खूप झालं. एकाच शाफ्टवर दोन बटरफ्लाय असतील तर त्या दोघींचा फरक शाफ्ट पिळून काढू नका, बायपास स्क्रूनं काढा.

आयडलिंगला जमलं म्हणजे संपलं नाही. अडीच-तीन हजारांवर पुन्हा मोजा. आयडलिंगला सारखे आणि वर वेगळे असतील तर दोष लिंकेजमध्ये आहे, स्क्रू फिरवून जाणार नाही. शेवटी बटरफ्लायचे स्क्रू तपासा: लॉकटाइट लावलेले आणि मागून ठोकून पसरवलेले हवेत. तो स्क्रू सुटला तर जाण्याची एकच दिशा आहे. रिटर्न स्प्रिंगा दोन ठेवा; एक तुटली तर दुसरी.

फिल्टरचा विषय आपल्याकडे वादाचा नाहीच. उघडे ट्रम्पेट फोटोपुरते. दख्खनच्या उन्हाळ्यात एका रॅलीच्या टप्प्यात बोअरला जी पॉलिश होते तिला नंतर ओव्हरसाइज पिस्टन हाच इलाज. ट्रम्पेटवर घालायचे फोमचे मोजे चालतात, पण त्यांचा फोम ट्रम्पेटच्या ओठाला टेकलेला नको. ओठासमोर निदान ट्रम्पेटच्या व्यासाइतकी मोकळी जागा हवी. त्याहून चांगला म्हणजे बंद एअरबॉक्स, त्याला बाहेरची थंड हवा आणि एक मोठा फिल्टर. आवाज थोडा कमी होतो, हे खरं. आवाजासाठीच बसवायचं असेल तर खुशाल तसं म्हणा. तेही कारण आहे, फक्त त्याला हॉर्सपॉवर म्हणू नका.

टर्बोवर कशासाठी?

टर्बोच्या इंजिनात पायाला मिळणारा उशीर मुख्यतः टर्बाइन फिरायला लागणाऱ्या वेळाचा असतो. प्लेनम भरायला लागणारा वेळ त्यापुढे किरकोळ. म्हणजे आयटीबीचा पहिला फायदा इथे अर्धाअधिक गळून जातो. लाटांच्या हिशेबाचंही तसंच: हवा ढकलायला कॉम्प्रेसर असताना ट्रम्पेटच्या लांबीचं कौतुक कमी होतं. एक गोष्ट मात्र उरते. गिअर बदलताना पाय काढला तरी बटरफ्लाय अगदी हेडपाशी मिटतात, त्यांच्या अलीकडचा सगळा मार्ग दाबाखाली राहतो आणि पाय परत पडताच ती हवा तिथेच हजर असते. वळणावळणाच्या घाटात हे जाणवतं.

निस्साननं हेच ओळखून १९८९ च्या आर ३२ स्कायलाइन जीटी-आरच्या २५६८ सीसीच्या आरबी २६ डीईटीटी इंजिनाला सहा थ्रॉटल दिले. ती गाडी ग्रुप ए शर्यतींसाठीच जन्मली होती आणि जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात तिनं सगळ्याच्या सगळ्या २९ शर्यती जिंकल्या. पल्सर जीटीआय-आरच्या दोन लिटरच्या टर्बोलाही चार थ्रॉटल होते. पण पुढचंही बघा. २००७ च्या आर ३५ मध्ये निस्साननंच सहा थ्रॉटल सोडून दर बँकेला एक केला. बीएमडब्ल्यूचा एम ५ २०११ मध्ये टर्बोवर गेला आणि सिलिंडरगणिक थ्रॉटल संपले. रॅलीसाठी घडवलेल्या टोयोटाच्या जीआर यारिसला एकच थ्रॉटल आहे. आणि आरबी २६ मधून प्रचंड पॉवर काढणारे बरेच जण तिचे सहा थ्रॉटल काढून एका मोठ्या थ्रॉटलचा प्लेनम लावतात. तेव्हा टर्बोसाठी माझं मत सरळ आहे: इंजिनात ते कंपनीनंच दिलेले असतील तर जपा, नीट सिंक करा. नसतील तर तो पैसा इंटरकूलर, योग्य मापाचा टर्बो आणि चांगल्या ट्यूनरवर घाला.

तरीही करायचंच असेल तर तीन गोष्टींवर डोळ्यात तेल घाला. पहिली, प्रेशर चेंबर. एक बार बूस्ट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा रेटा. चाळीस बाय पंधरा सेंटिमीटरच्या सपाट पत्र्यावर सहाशे किलो झाले, आणि तेही दर वेळी पाय दाबला की. सपाट डबा फुगतो आणि वेल्डच्या कडेनं तडकतो. पत्रा गोलाईत वळवा, आतून आडव्या पट्ट्या द्या, डबा इंजिनाला ब्रॅकेटनं धरा. सगळा भार थ्रॉटलच्या फ्लँजवर टांगू नका. दुसरी, शाफ्टची सील. निर्वातासाठी बनवलेल्या आयटीबीची सील बाहेरून आत येणारी हवा अडवते. बूस्टमध्ये हवा आतून बाहेर मारते. किट टर्बोसाठी आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि बसवल्यावर साबणाचं पाणी लावून दाबाखाली तपासा. तिसरी, ब्लो-ऑफ वॉल्व्ह: चारही बटरफ्लाय एकदम मिटल्यावर दाबाला जायला तोच एक रस्ता उरतो, म्हणून तो मोठा हवा, थ्रॉटलच्या आधी हवा आणि त्याला निर्वाताचा इशारा सामाईक पाइपातून मिळायला हवा, एका सिलिंडरमधून नाही.

कायद्याचं एका परिच्छेदात. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या माहितीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसीचा प्रश्न वेगळाच. ट्रॅकवर किंवा रॅलीत धावणारी गाडी ट्रेलरवरून नेणं, हाच यातला सरळ मार्ग आहे.

क्रमाचं सांगायचं तर, टर्बो नसलेल्या इंजिनात आधी कॉम्प्रेशन आणि हेडचं काम, मग एक्झॉस्ट, मग ईसीयू, आणि कॅमबरोबर आयटीबी. कॅमच्या आधी नाही. बजेट मांडताना थ्रॉटल बॉडीच्या किमतीला फसू नका. मॅनिफोल्ड, ईसीयू, सेन्सर, एअरबॉक्स, लिंकेज आणि डायनोवरचे दिवस मिळून तेवढाच खर्च पुन्हा येतो. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर लिंकेज बसतं, तेव्हा सिंक परत करावं लागेल, हे मिस्त्रीशी आधीच ठरवून ठेवा.

मित्राच्या गाडीत आम्ही चार नळ्या, एक वन-वे वॉल्व्ह आणि दीड लिटरची टाकी बसवली. दुपारभराचं काम होतं. पेडल आता मऊ आहे, इंजिन अडखळत नाही, आणि गल्लीतली पोरं अजून कुंपणाला येतात. गेल्या आठवड्यापासून तो म्हणतोय, याच्यावर टर्बो लावू. मी त्याला प्रेशर चेंबरचा पत्रा किती मिलिमीटरचा धरलास, एवढंच विचारलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.